व्हर्न टीगने ब्रेक कुठे बसवला

व्हर्न टीग आमच्या दुकानात नेहमी सकाळी साडेसातला यायचा. दुकान आठला उघडतं, हे त्याला तीस वर्षं ठाऊक होतं. तरी तो साडेसातला येऊन गाडीत बसून राहायचा आणि मी दिवे लावले की आत येऊन म्हणायचा, "आज उशीर झाला वाटतं तुला."

आमचं दुकान मोटरसायकलींच्या आणि बर्फावरच्या गाड्यांच्या सुट्या भागांचं. गाव लार्च फोर्क, अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या अगदी उत्तरेला. लाकडाची गिरणी होती तोवर गावात सहाशे घरं होती, आता निम्मी आहेत. मी वाणिज्य शिकलो आणि आयुष्यभर काउंटरच्या मागे उभा राहिलो. कोणता भाग कोणत्या कप्प्यात आहे ते डोळे मिटून सांगू शकतो. पुढच्या जूनमध्ये निवृत्त होईन. व्हर्न माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान, पण दिसायला दहा वर्षांनी मोठा.

त्याचं काम होतं बर्फ मोजण्याचं. जानेवारी ते एप्रिल, दर महिन्याच्या शेवटी किटल खिंडीत जायचं, ठरलेल्या दहा जागी लांब पोकळ नळी जमिनीपर्यंत खुपसायची, बर्फासकट तिचं वजन करायचं आणि आकडा पाणी खात्याला कळवायचा. त्यावरून खालच्या धरणांना उन्हाळ्यात किती पाणी मिळेल ते ठरतं. बाकी सगळ्या खिंडींत आता यंत्रं बसली. किटल खिंडीत अजून व्हर्नच जात होता, सलग एकतीस हिवाळे.

खिंडीचा जुना लाकूडवाहतुकीचा रस्ता आठ वर्षांपूर्वी वाहून गेला. तिथून पुढे झाडी इतकी दाट की रुंद बर्फगाडी जात नाही. म्हणून व्हर्न आपल्या मातीत चालवायच्या मोटरसायकललाच दर नोव्हेंबरात बर्फासाठी तयार करायचा. मागचं चाक काढून तिथे रणगाड्यासारखा दातेरी रबरी पट्टा, पुढचं चाक काढून तिथे बर्फावर घसरणारी एक स्की. मे महिन्यात पुन्हा चाकं. गावात असं करणारे पंधरा-वीस जण तरी असतील.

त्या वर्षी सप्टेंबरात तो छपराचे पत्रे ठोकताना शिडीवरून पडला आणि उजवा घोटा मोडला. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी आणि स्क्रू घालून घोटा कायमचा जखडून टाकला. पाऊल आता वर-खाली होत नव्हतं. चालताना तो पाय एखादी कुदळ टाकावी तसा टाकायचा.

त्यातच खात्याचं पत्र आलं. या हिवाळ्यापासून साठी ओलांडलेल्या प्रत्येक मोजणीवाल्याची गाडी चालवण्याची चाचणी होणार. उत्तीर्ण झाला तर वर जायचं. नाही तर जागा बंद, तिथे यंत्र, आणि माणूस कचेरीत. व्हर्नला पुरी पेन्शन मिळायला दोन वर्षं उरली होती. कचेरीतही ती मिळाली असती, प्रश्न तो नव्हता.

"कचेरीत बसून मी काय करू?" तो मला म्हणाला. "दुसऱ्यांनी आणलेले आकडे वहीत चढवू?"

"मी तेच केलं की जन्मभर," मी म्हटलं.

"तुझी गोष्ट वेगळी. तुला आवडतं."

"आणि तुला वर जायला आवडतं?"

त्याने काउंटरवरचा ब्रेक ऑइलचा डबा फिरवला. "आवडतं असं नाही. दमतो मी. पण घरी बसलो तरी दमतोच. वर निदान दमायला कारण असतं."

प्रश्न ब्रेकचा होता. पट्ट्याच्या गाडीला ब्रेक एकच. पुढे स्की असते, तिला ब्रेक कसला? पट्ट्याच्या दांड्यावर एक डिस्क असते, ती धरली की गाडी थांबते. ती डिस्क कशाने धरायची हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. बहुतेक जण मूळ मागचा ब्रेक, म्हणजे उजव्या पायाची पट्टी, तसाच नळीने जोडून घेतात. काही जण उजव्या हाताची लिव्हर, जी पुढच्या चाकाची असते, ती पट्ट्याला जोडतात. आणि काही जण डाव्या हाताला, क्लचच्या खाली, आणखी एक छोटी लिव्हर बसवतात.

मी त्याला तिन्ही प्रकार कागदावर आखून दाखवले. माझं मत हाताचं होतं आणि ते मी स्पष्ट सांगितलं.

"पाय जखडलेला आहे तुझा. हातावर घे."

"त्या हातात ॲक्सिलरेटर आहे. एकाच हाताने गाडी पळवायची आणि त्याच हाताने थांबवायची?"

"उन्हाळ्यात करतोसच की."

"उन्हाळ्यात पायही असतो मदतीला. आणि डावीकडे दोन लिव्हर नकोत मला. अकॉर्डियन वाजवायला निघालोय का मी?"

"मग काय करणार?"

"पायच. पट्टी उचलून घेतो, रुंद करतो. घोटा नाही वळला तरी गुडघ्यापासून दाबता येईल. चाळीस वर्षं पायाने थांबलोय मी. ते डोक्याला सांगावं लागत नाही."

मी फार वाद घातला नाही. घालायला हवा होता. काउंटरच्या मागे उभं राहणाऱ्याची एक सवय असते: सल्ला एकदा द्यायचा, दुसऱ्यांदा गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं. मी त्याला ब्रेकची लांब नळी दिली, जोडाचे वॉशर दिले आणि तो गेला.

पुढच्या ब्रेकचं त्याने सगळे करतात तेच केलं. चाक काढल्यावर कॅलिपर, म्हणजे डिस्क चिमटीत धरणारा भाग, मोकळा लोंबतो. तो नुसता सोडला आणि चुकून लिव्हर दाबली गेली तर आतले दट्टे बाहेर येतात. म्हणून दोन पॅडच्या मधे काहीतरी जाड अडकवायचं आणि कॅलिपर स्कीच्या वरच्या नळीला बांधून ठेवायचा. लिव्हर कुणी काढत नाही. मेमध्ये पुन्हा लागणारच, मग तेल काढा, हवा काढा, हा खटाटोप कोण करणार? व्हर्नने डार्लीनच्या स्वयंपाकघरातली जुनी प्लॅस्टिकची चिरायची फळी कापून तिचा तुकडा पॅडमधे घातला.

डार्लीन ही त्याची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, आवाज मोठा. मी रविवारी गेलो तेव्हा ती गॅरेजच्या दारात उभी होती.

"बघ तुझा मित्र," ती मला म्हणाली. "पाय मोडला तो मोडला, आता माझी फळी मोडली."

"जुनी होती गं," व्हर्न गाडीखालून म्हणाला.

"तूही जुना आहेस. तुला कापलं का मी?"

गाडी स्टँडवर होती. व्हर्न वर बसला, इंजिन चालू केलं, पट्टा फिरवला आणि पायाची पट्टी दाबली. पट्टा जागच्या जागी थांबला. पुन्हा फिरवला, पुन्हा थांबला. वेल्डिंग करून रुंद केलेल्या पट्टीवर त्याचा मोठा बूट व्यवस्थित बसत होता.

"झालं समाधान?" त्याने आम्हा दोघांकडे पाहिलं.

"गॅरेजमधे बर्फ नाही पडत," डार्लीन म्हणाली आणि आत गेली.

चाचणी नऊ जानेवारीला होती. खात्याकडून रेने ऑस्टबी आली. तिशीची, शांत, गाडी व्हर्नपेक्षा चांगली चालवणारी. वाहून गेलेल्या रस्त्यापर्यंत मी माझी बर्फगाडी घेऊन गेलो. खाली एक माणूस हवाच असा नियम आहे. तिथे थर्मास काढून बसलो. ते दोघे झाडीतून वर गेले आणि दोन तासांनी समोरच्या उघड्या उतारावर दिसले.

तो उतार आडवा कापून उतरावा लागतो. डोंगर उजव्या हाताला आणि डावीकडे खाली ओढा. रेने पुढे होती. ती वळणावरून खाली उतरली आणि माझ्याकडे तोंड करून येऊ लागली. व्हर्न तिच्या पाठीमागे वर होता. आडव्या उतारावर गाडी डोंगराकडे कलती ठेवायची तर डोंगराकडचा पाय पेगवरून, म्हणजे पाय ठेवायच्या खुंटीवरून, काढून बर्फात टेकवत, ओढत जावं लागतं. व्हर्नचा उजवा पाय बर्फात होता. वळण जवळ आलं तेव्हा तो पाय उचलून पट्टीवर आणू पाहत होता हे मला इतक्या लांबूनही दिसलं. ज्याचा घोटा वळतो तो बुटाचं टोक उचलतो आणि पाय आत घेतो. व्हर्नचं टोक उचललं जात नव्हतं. बूट बर्फात रुतत होता आणि गाडी वेग घेत होती.

आणि तरी तो ब्रेक लावणाऱ्या माणसासारखाच बसलेला होता. अंग मागे, हात ताठ. थांबणार आहे याची खात्री असल्यासारखा. गाडी थांबली नाही. सरळ खाली, रेनेच्या पाठीच्या दिशेने निघाली. मग त्याने हँडल झटकून गाडी डोंगरावर आडवी टाकली. बर्फ उडाला, इंजिन बंद पडलं. रेनेने मागे पाहिलं तोवर तो गाडीशेजारी बसून हातमोजे झटकत होता.

"ठीक आहात का?" ती ओरडली.

"ठीक. वळायला जागा करतोय."

तिने हात हलवला आणि ती खाली आली. खाली रस्त्यावर उभ्या केलेल्या तिच्या ट्रकमधून कागद आणायला पुढे गेली. व्हर्न दहा मिनिटांनी माझ्याजवळ येऊन थांबला. हेल्मेट काढलं. चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी लिव्हर दाबली," तो हळूच म्हणाला. "हाताची. दोन बोटांनी घट्ट दाबली. आणि ती कडक लागली रे! अगदी चांगल्या ब्रेकसारखी. म्हणून दाबतच राहिलो."

कडक लागणारच. फळीचा तुकडा पॅडमधे होता. सगळं तेल, सगळा दाब, त्या तुकड्याला आवळत होता. पाय मिळेना तेव्हा हात आपणहून धावला होता, आणि हाताला जे मिळालं त्यावर त्याने विश्वास ठेवला होता.

"तू काही पाहिलं नाहीस," व्हर्न म्हणाला.

मी थर्मासचं झाकण लावलं.

ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून रेने खुणा करत होती. चढ, ठीक. तोल, ठीक. अडकलेली गाडी काढणं, ठीक.

"ब्रेकवर ताबा," ती वाचत म्हणाली आणि पेन टेकवलं.

"तिथे खूण करू नकोस, बाई," व्हर्न म्हणाला.

तिने वर पाहिलं.

"वर मी जागा करत नव्हतो. ब्रेक मिळाला नाही मला. पडलो नसतो तर तुझ्या पाठीत शिरलो असतो."

"मी पाहिलं नाही."

"माहीत आहे. म्हणूनच सांगतोय."

मोजणीचा एक नियम आहे. नळी वर काढली आणि तिच्या तळाशी माती चिकटलेली नसली, तर ती जमिनीपर्यंत गेली नाही असं धरतात. आकडा टाकून द्यायचा आणि पुन्हा खुपसायची. पाहायला कुणी नसतं वर. वादळात, बोटं बधिर झालेली असताना, व्हर्नने किती वेळा पुन्हा खुपसली असेल देव जाणे. त्याला दुसरं जमलं नसतं असं आता वाटतं, पण त्या क्षणी ट्रकजवळ मला तसं वाटत नव्हतं. मला वाटलं होतं तो गप्प बसेल, आणि मीही बसलो असतो.

रेनेने त्या रकान्यात 'नाही' लिहिलं. "एकदा पुन्हा चाचणी देता येते," ती म्हणाली. "फेब्रुवारीच्या मध्यात. जानेवारीची मोजणी मात्र मला करावी लागेल."

"कर," व्हर्न म्हणाला. "सातवी जागा मोठ्या खोडाच्या उत्तरेला आहे. नकाशात दक्षिणेला दाखवलीय, ती चूक आहे. तीनदा कळवलं मी."

त्यानंतर चार दिवस व्हर्न दुकानात आला नाही. पाचव्या दिवशी साडेसातला त्याची गाडी बाहेर उभी होती. मी दिवे लावले.

"हातावर घेऊ," तो आत येत म्हणाला. "आणि 'मी सांगितलं होतं' असं म्हणणार असशील तर आत्ताच म्हणून घे."

"म्हटलं असं समज."

आम्ही त्याच्याच गॅरेजमधे केलं. पुढचा कॅलिपर सोडवला, फळीचा तुकडा कचऱ्यात टाकला. उजव्या हाताच्या लिव्हरची नळी मागे पट्ट्याच्या डिस्कपर्यंत नेली. पायाची पट्टी पूर्ण काढून टाकली, म्हणजे शोधायला काही उरलंच नाही. हवा निघता निघेना. नळी लांब, मधे वर चढलेली, तिथे बुडबुडे अडकत होते. शेवटी लिव्हर दाबून रबराने हँडलला बांधून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बुडबुडे आपोआप वर आले होते. लिव्हर कडक झाली.

व्हर्नने ती दाबली, पट्ट्याकडे पाहिलं, पुन्हा दाबली, पुन्हा पट्ट्याकडे पाहिलं. "आता कडक लागलं की मला भीती वाटते," तो म्हणाला.

खरं काम त्यानंतर होतं. चाळीस वर्षांचा पाय विसरायचा होता. जुन्या गिरणीच्या मागे जो चढ आहे तिथे तो रोज दुपारी जायला लागला. पहिल्या दिवशी मी पाहिलं: थांबायची वेळ आली की उजवा पाय रिकाम्या हवेत दाबायचा, मग हात आठवायचा. मधल्या वेळात गाडी दहा फूट पुढे.

तिसऱ्या दिवशी डार्लीन शाळेतून सुटून तिथे आली. अंगावर स्वयंपाकघराचा ॲप्रन, त्यावर जाकीट.

"तू कशाला आलीस?" व्हर्न म्हणाला.

"तू जाणारच आहेस ना वर?"

"चाचणी पास झालो तर."

"मग निदान थांबायला तरी शीक. चालव."

ती उताराच्या मधोमध उभी राहिली. तो आडवा उतरत आला की ती अचानक ओरडायची, "थांब!" कधी लगेच, कधी उशिरा, कधी तो तिच्यापासून पुढे निघून गेल्यावर. तिचा आवाज शाळेतल्या दोनशे पोरांना रांगेत उभं करणारा. गिरणीच्या भिंतीवरून तो परत यायचा.

"थांब!"

"थांबलो!"

"उशीर केलास! मी मेले असते!"

"तू बाजूला झाली असतीस!"

"मी का बाजूला होऊ? चल पुन्हा!"

पाच दुपारी असं चाललं. गावातले दोघे-तिघे पाहायला आले आणि थंडी वाजली म्हणून गेले. सहाव्या दिवशी ती ओरडली आणि 'ब' पुरता तोंडातून बाहेर पडण्याआधी गाडी उभी होती. उजवा पाय बर्फात तसाच टेकलेला, हलला नव्हता. डार्लीनने जाकिटाची चेन वर ओढली आणि म्हणाली, "जेवायला चल. बटाटे केलेत."

फेब्रुवारीच्या बारा तारखेला रेने पुन्हा आली. मी पुन्हा त्याच जागी थर्मास घेऊन बसलो. या वेळी ती मुद्दाम वळणाच्या खाली जाऊन थांबली, गाडी आडवी लावून, अगदी व्हर्नच्या वाटेत. तो उतारावर आला. डोंगर उजवीकडे, पाय बर्फात. वेग मागच्या वेळेपेक्षा निम्मा. वळणाच्या वर तो थांबला, पूर्ण थांबला, दोन श्वास घेतले, आणि मग वळला. तिच्याजवळ येऊन पुन्हा थांबला. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. एक म्हातारा माणूस सावकाश उतारावरून खाली आला, इतकंच.

ट्रकजवळ तिने सगळ्या रकान्यांत खुणा केल्या आणि खाली सही केली.

"हा कागद किती दिवस चालतो?" व्हर्नने विचारलं.

"एक हिवाळा. नोव्हेंबरात पुन्हा पत्र येईल."

"माझ्या नावाने पाठवू नकोस."

रेनेने पेन खाली ठेवलं. "एवढी मेहनत घेऊन?"

"मेहनत घेतल्यावरच कळलं. थांबायचं कसं ते आता मला विचार करून करावं लागतं. करतो मी. पण दिवसभर वर तेवढाच विचार चालतो. बर्फ कोण मोजणार मग?" तो ट्रकच्या पायरीवर बसला आणि जखडलेला पाय समोर लांब केला. "जानेवारीत सातव्या जागी किती आलं तुला?"

तिने आकडा सांगितला.

"खोडाच्या उत्तरेला केलंस?"

"उत्तरेला. पहिल्यांदा माती आली नाही. दुसऱ्यांदा आली."

"बरं," तो म्हणाला. "खात्याला सांग, यंत्र घाईने बसवू नका. तुला या हिवाळ्यातल्या उरलेल्या तिन्ही मोजण्यांना घेऊन जातो. दहाच्या दहा जागा दाखवतो. मग तुझं तू बघ."

पुढच्या हिवाळ्यात किटल खिंडीत रेने जाणार हे असं, बॉनेटवरचा कागद घडी करता करता ठरलं. मला बरं वाटलं की वाईट, सांगता येणार नाही. डार्लीनला त्याने काय सांगितलं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली, बूट पुसायचा ब्रश घेतला आणि जाताना म्हणाली, "तुझ्या मित्राने शहाणपणा केला. मी असं म्हणाले ते त्याला सांगू नकोस, तो परत विचार बदलेल."

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी सकाळी दोघं वर निघाले. हवा स्वच्छ होती, पण बोचरी. जाताना व्हर्न पुढे होता, कारण वाट त्याला माहीत होती. तिन्हीसांजेच्या आधी झाडीतून परत आले तेव्हा रेने पुढे होती आणि तो बराच मागे. उताराला मला वेळ लागणार, तू खाली जाऊन थांब, असं त्याने तिला आधीच सांगून ठेवलं होतं.